खिडकीतून हजर

पन्नाशी ओलांडलेला एक माणूस दुसरीतल्या मुलीच्या नावाला "हजर" म्हणतो, तेही वर्गाबाहेर उभं राहून, खिडकीचे गज धरून, हे मी नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात पाहिलं. मी हजेरी घेत होतो. एका नावाला उत्तर आलं नाही, म्हणून गैरहजेरीचं शून्य मांडायला पेन टेकवलं, तोच खिडकीतून भरदार आवाज आला. वर्गातलं एकही पोर हसलं नाही. मी मोठ्या गुरुजींकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, "मांडा." मी हजेरीची रेघ मांडली. पुढे दहाबारा वर्षं मांडत राहिलो.

हे बारकूनाना. आमच्या शाळा समितीचे सदस्य. गाव मुरबाड तालुक्यातलं, धसईच्या पुढे एसटी जिथून माघारी वळते तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर. शाळा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. त्यातला दुसरा मी. घर वाशिंदला, म्हणून आठवडाभर धसईत खोली करून राहायचो. शाळेत पोरं पुरेशी असली तर दुसरा शिक्षक, नसली तर एकावरच भागवा, असा सरकारी हिशेब होता. म्हणजे माझी खुर्ची नानांच्या त्या आवाजावर उभी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी नानांबद्दल काहीबाही बोलणार आहे आणि मला तो अधिकार कितपत आहे हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

नाना जातिवंत शेतकरी. भाताची दोन खाचरं, एक बैलजोडी आणि खिशात एक वही. वहीत गावातल्या पोरांची नावं. रस्त्यात कुणी भेटलं की माणसं रामराम म्हणतात. नाना विचारायचे, "तुमच्या घरातनं औंदा किती?" बारशाला गेले की पाळण्यात डोकावण्याआधी वही काढायचे आणि ते पोर पहिलीत कोणत्या साली येणार ते लिहून ठेवायचे. लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचे तो असा: "सा वर्सांनी जूनमदी शालंत एक तरी धाडा." नवरी लाजायची. नानांच्या चेहऱ्यावर मात्र विनोदाचा मागमूस नसायचा. एकदा गावात कुटुंब नियोजनवाले आले, तर नानांनी डॉक्टरांना पायरीवरच गाठलं. "सायेब, तुमचा टारगेट भरंल. आमचा पट कंच्या पोरांनी भरायचा?"

पट हा नानांचा देव. पट म्हणजे शाळेच्या दप्तरी नोंदलेली पोरं. "गुरुजी, पट राखला पायजे," हे ते दिवसातून चारदा म्हणायचे आणि वर पुस्ती जोडायचे, "मानूस खोटा बोलंल, कागद खोटा बोलत नाय." यातलं दुसरं वाक्य ते स्वतः खिडकीत उभे राहून खोटं पाडत होते. पण हे त्यांना सांगणार कोण? मी तर नाहीच.

शाळा समितीच्या सदस्यपदाला गावात कुत्रं विचारत नव्हतं. मानधन नाही, गाडी नाही, सत्कारालाही कुणी बोलावत नाही. सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसायची, निवड हात वर करून व्हायची आणि बहुतेक वेळा जो पुढे बसला असेल त्याच्या गळ्यात ते पद पडायचं. नाना मात्र त्यासाठी महिनाभर प्रचार करायचे. मुरबाडच्या छापखान्यातून पत्रकं छापून आणायचे. त्यावर फेटा बांधलेला फोटो, आणि खाली "निशाणी : पाटी." मतपत्रिकाच नव्हती, तर निशाणी कशाची? पण निशाणीशिवाय निवडणूक नानांना मान्य नव्हती. एका म्हातारीने ते मनावर घेतलं. ती ग्रामसभेला आली ती थेट माझ्यासमोर, शिक्का कुठं मारायचा विचारत. नानांनी पहिलीतल्या पोराची पाटी मागून घेतली, तिचा अंगठा खडूच्या भुकटीत बुडवून पाटीवर उठवला आणि ती पाटी सभा संपेपर्यंत छातीशी धरून बसले. त्या वर्षी ते समोर उमेदवार नसतानाही निवडून आले.

भाषण ठरलेलं असायचं. "मी बोलनारा मानूस नाय. मी मोजनारा मानूस हाय. पट राखीन." एवढं बोलून खाली बसायचे.

आता पट राखायचा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या पटावरची जवळजवळ निम्मी पोरं गावाबाहेरच्या कातकरी वाडीवरची. दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायची. वीटभट्टीवाल्यांचा ट्रक यायचा, माणसं, पोरं, कोंबड्या, भांडी सगळं त्यात चढायचं आणि कल्याण-भिवंडीच्या बाजूला भट्ट्यांवर जायचं ते पावसाच्या तोंडावर परत. वाडीत राहायची ती चालू न शकणारी म्हातारी माणसं. ऐंशी टक्के हजेरी भरली की पोरामागे महिन्याला तीन किलो तांदूळ शाळेतून मिळायचा. भट्टीवर गेलेल्या पोराची हजेरी नाना खिडकीतून भरायचे आणि त्याचा तांदूळ ती म्हातारी माणसं शिजवून खायची. शिक्षक टिकला, शाळा टिकली, म्हातारी टिकली. यात चूक काय, असं नाना विचारायचे, आणि मला उत्तर सुचायचं नाही. खरं तर सुचायचं, पण मी ते गिळायचो.

साहेब तपासणीला येणार असं कळलं की नाना शेजारच्या गावातून पोरं उसनी आणायचे. एकदा त्यात एक मिसरूड फुटलेला निघाला. साहेबांनी विचारलं, "हा चौथीत?" नाना म्हणाले, "उशिरा घातला, सायेब." साहेब जेवायला नानांकडेच होते, म्हणून पुढे काही विचारलं नाही.

नानांची स्वतःची नातवंडं वाशिंदला इंग्रजी शाळेत जात होती. मुलगा तिथे कारखान्यात, नवीन बिल्डिंगमध्ये राहायला. तो वर्षातून एकदा, गणपतीला, यायचा. बायको वारली तेव्हापासून नानांच्या घरात एकच ताट लागत होतं. नातवंडांवरून कुणी टोचलं तर ते म्हणायचे, "ती शाला वायली. तिथं मना कोन इचारतो?" इथे तरी त्यांना विचारत होतं कोण? पण रोज दहाच्या ठोक्याला ते खिडकीत हजर असायचे.

मग जनी आली. जनी सोमा मुकणे. वाडीवरच्या सोमाची एकुलती एक पोर. शाळेत वाडीची पोरं मागच्या भिंतीला बसायची. ही पहिल्याच दिवशी पुढे येऊन बसली आणि नानांना खिडकीत बघून म्हणाली, "तुमी भायेर कशाला? आत या ना." नाना आत आले नाहीत, पण त्या दिवसापासून ते तिचे झाले. तिला येताना करवंदं आणायचे, बोरं आणायचे. तिसरीत ती धडाधडा वाचायला लागली. नाना खिडकीतून पाठ्यपुस्तकातला एखादा धडा पुन्हा वाचायला लावायचे आणि ती कंटाळून म्हणायची, "नाना, कालच वाचला ना रं." सदस्याला "रं" म्हणणारी गावात ती एकटीच.

तिसरीतल्या दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा नाना वाडीवर गेले होते. सोमाला म्हणाले, "हिला ठेव तुज्या म्हातारीकडं. मी बगतो." सोमा म्हणाला, "नाना, ती नसली तर माती कोन वायील? दोघांच्या हातानं हजार इटा पडत नायत." नाना परत आले. दुसऱ्या दिवशी खिडकीतून म्हणाले, "हजर." त्या वर्षी ग्रामसभेला निवड होती आणि पहिल्यांदाच समोर खरा उमेदवार होता. बंडू, शाळेच्या नव्या खोलीचं बांधकाम मिळावं म्हणून समितीत यायला बघणारा एक तरुण ठेकेदार. नानांनी पत्रकं छापायला टाकली होती.

जानेवारीतला दुसरा आठवडा. मी हजेरी घेत होतो. "जनी सोमा मुकणे." खिडकीतून आवाज आला, "हजर." मी रेघ मांडली, आणि मान वर केली तर दारात सोमा उभा. हातात प्लास्टिकची पिशवी. भट्टीच्या मातीने पाय ढोपरापर्यंत लाल. तो आत आला नाही. पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाला, "पुस्तकां आनली, गुरुजी. शालंची हायत ना. परत द्याया लागतात."

मी विचारलं, "आणि जनी?"

"ती गेली." मग माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघून म्हणाला, "ताप आला. तीन दिस. शेठ बोलला, आठवड्याचा काम जाला का जावा दवाखान्यात. तिथंच खाडीच्या कडंला पुरली."

हजेरीपत्रकात तिच्या नावासमोर दिवाळीपासूनच्या रेघा होत्या, एकही दिवस न चुकता, माझ्या हाताच्या. मी तो कागद झाकायला गेलो. माझी मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की मोठे गुरुजी काय म्हणतील. हे लिहितानाही लाज वाटते.

नाना गजांना धरून तसेच उभे होते. पुढचं नाव मी घेतलंच नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, सभा बसली. छापलेली पत्रकं नानांच्या काखेत तशीच बांधलेली. बंडू छान बोलला, खोलीला टाइल्स लावीन म्हणाला. मग नाना उठले. आम्हाला वाटलं, ठरलेली तीन वाक्यं येतील.

"सोमाची पोर मार्गशीर्षात मेली," नाना म्हणाले. "मी तिला म्हैनाभर हजर बोललो. गुरुजींनी लिवला. माजं ऐकून लिवला, तेंचा दोस नाय. जी पोरा इथं नायत, तेंची नावां काडा. भट्टीवर हायत तर भट्टीवर हायत असा लिवा. मंग सरकारला कलंल तरी पोरा कुटं जातात ती." मग म्हणाले, "पट पडंल. पडू दे."

लोक चिडले. पट पडला तर दुसरा मास्तर जाणार, मास्तर गेला तर आपली पोरं कुणी शिकवायची? कडेला बसलेल्या वाडीच्या म्हाताऱ्यांपर्यंत गोष्ट पोचायला जरा वेळ लागला, पण कुणीतरी काढलेला तांदूळ हा शब्द त्यांना कळला. बंडूसाठी हात वर झाले ते मोजायची गरज पडली नाही. नानांसाठी तीन हात. त्यातला एकही वाडीचा नव्हता, आणि त्यांना मी दोष देत नाही. नानांनी स्वतःचा हातही वर केला नाही. मी बाहेरगावचा, मला मत नव्हतं, आणि ते माझ्या सोयीचंच झालं.

पुढे तपासणी झाली, वाडीची नावं कमी झाली आणि मार्चमध्ये माझी बदली शहापूरकडे, तानसाच्या बाजूच्या एका शाळेत निघाली. वाशिंदहून जवळ. गावात लोक म्हणाले, नानांनी गुरुजींचं भलंच केलं. मी हसून मान डोलावली.

दप्तर सोपवायच्या आदल्या दुपारी मी शाळेत एकटाच हजेरीपत्रक पुरं करत बसलो होतो. जनीच्या नावापुढे शेरा राहिला होता. नाना आले, सोबत भट्टीवरून शिमग्याला आलेला सोमा. त्या बारा वर्षांत पहिल्यांदा नाना वर्गाच्या आत आले आणि पहिलीच्या पोरांच्या बसायच्या पट्टीवर मांडी घालून बसले. सोमा दाराशी बसला.

"तिचा नाव कुटं हाय, ता बगायचा हाय तेला," नाना म्हणाले.

मी पान सोमापुढे धरलं आणि बोटाने दाखवलं. त्याने त्या अक्षरांवर हात नुसता ठेवला. मग विचारलं, "दुसरीकडं कुटं लिवलाय का गुरुजी, तिचा नाव?" मी आठवून बघितलं. जन्म वाडीवर, नोंद नाही. रेशन कार्ड नव्हतं. फोटो नाही. मेली तेव्हाही कुणी कुठे लिहिलं नाही. म्हटलं, "नाही, एवढंच."

"मंग ह्याच्यावर रेग नका मारू."

मी म्हणालो, नावावर नाही मारणार, फक्त खोट्या हजेऱ्या खोडाव्या लागतील, दिवाळीपासूनच्या सगळ्या. खोडून बाजूला सही करावी लागते, असा नियम आहे. नानांनी पत्रक आपल्याकडे ओढलं. सोमाला विचारलं, "कंचा दिस रं?" सोमाला तारीख माहीत नव्हती. पौर्णिमेच्या आदी दोन दिस, एवढं तो सांगू शकला. नाना उठले, भिंतीवरच्या मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटली, पौर्णिमा शोधली आणि उलटे दोन दिवस बोटाने मोजले. मग परत येऊन हजेरीपत्रकात तो दिवस शोधला आणि त्यावर नख टेकवलं.

"हितून पुडं खोडा," नाना म्हणाले. "तेच्या आदीचे ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तवा ती होती."

नियमात ते बसत नव्हतं. मी नखापासून पुढे खोडलं आणि बाजूला सही केली.