पार्किंग क्रमांक सातमधील प्लगबाबत

वीज दिसत नाही, आणि जी गोष्ट दिसत नाही तिच्याबद्दल मत असायला अभ्यासाची गरज पडत नाही. त्यामुळेच आमच्या चोवीस घरांच्या इमारतीत विजेबद्दल एकतीस मतं निघाली. (काही घरांत नवरा-बायकोचं पटत नाही.) मी या इमारतीच्या समितीचा चिटणीस. पुढील हकीकत इतिवृत्तावरून सांगतो आहे. जिथे इतिवृत्त गप्प आहे तिथे नाइलाजाने खरं सांगितलं आहे.

चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी विजेवरची गाडी घेतली आणि आपल्या पार्किंगमध्ये, म्हणजे क्रमांक सातमध्ये, एक प्लग बसवायची परवानगी मागितली. अर्ज साडेतीन ओळींचा होता. वास्तविक इथेच संशय यायला हवा होता. सोबत त्यांनी वायरमनही आणला. त्याने मीटरची खोली पाहिली, भिंतीवर बोटाने रेघ ओढून दाखवली आणि म्हणाला, "दोन तासांचं काम आहे. चहा धरून अडीच."

समितीने या विधानाची गंभीर दखल घेतली. जे काम दोन तासांत होतं, त्यात समितीला वाव तो कितीसा उरणार? आमचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. घाईने मोजलेल्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी तिथल्या तिथे तिघांची उपसमिती नेमली आणि हरकती मागवल्या.

हरकती उत्तम आल्या. गाडीने वीज ओढली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये रेंगाळेल, असं एकाने कळवलं. (लिफ्ट आधीपासूनच रेंगाळते, पण तोवर तिच्यापाशी कारण नव्हतं.) एकाने नुसतंच 'तत्त्वतः विरोध' असं लिहून खाली दोनदा सही केली. सगळ्यांत वजनदार हरकत तळमजल्यावरच्या मावशींची. मावशी एकट्या राहतात. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढल्यामुळे त्या समोरच्या माणसाशीही परगावी फोन लावल्यासारख्या मोठ्याने बोलतात. सभेत उभ्या राहून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांची गाडी सगळी वीज पिऊन बसली, तर सकाळी माझ्या गीझरला काय उरणार?"

टाळ्या पडल्या. दंतवैद्य समजावून सांगायला उठले; पण विषयपत्रिकेवर 'समजावणे' हा विषय नव्हता.

पुढच्या अकरा महिन्यांत नऊ सभा झाल्या. पैकी चार आधीच्या सभेचं इतिवृत्त दुरुस्त करण्यात गेल्या, तीन गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या, आणि उरलेल्या दोन 'प्लग' पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, यावर अत्यंत खेळीमेळीत पार पडल्या. उपसमितीने तीन इमारतींना अभ्यासभेटी दिल्या. तिन्ही ठिकाणी प्लग बसवलेले होते, त्यामुळे अभ्यासाला काही मिळालं नाही.

दरम्यान दंतवैद्य आठवड्यातून दोनदा दवाखाना लवकर बंद करून शहराच्या टोकाला असलेल्या चार्जिंग केंद्रावर थर्मास घेऊन तीन-तीन तास बसू लागले. रांगेतल्या सात जणांच्या दाढा त्यांनी वेळ जाईना म्हणून तपासल्या. त्यांच्या पत्नीने मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, ह्यांनी गाडीशी लग्न केलंय की माझ्याशी, तेही आता तुमची समितीच ठरवणार का?" प्रश्न समितीच्या कक्षेत येत नसल्याने मी नोंदवून घेतला नाही.

मग एका मंगळवारी सकाळी मावशींना फोन आला. त्यांच्या धाकट्या बहिणीला तातडीने ऑपरेशनला घेत होते. इस्पितळ पार दुसऱ्या टोकाला. टॅक्सी मिळेना. मावशी हातात पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "ती म्हणतेय, ताई आल्याशिवाय मला आत नेऊ नका," असं त्या मलाच सांगत होत्या. मी सहानुभूती व्यक्त केली.

तेवढ्यात दंतवैद्य त्या दिवशी दवाखाना न उघडताच गाडी घेऊन केंद्राकडे निघाले. बॅटरी अकरा टक्के.

"बसा मावशी."

"अहो, पण तुमची गाडी उपाशी ना?"

"तुम्ही बसा तर."

वाटेत त्यांनी एसी बंद ठेवला, रेडिओ बंद ठेवला. मावशींची नजर पडद्यावरच्या आकड्यावरून हलेना. "डॉक्टर, अकराचे नऊ झाले."

"होतात, मावशी."

"मी पिशवी खाली टाकू का? तेवढंच वजन कमी."

"राहू द्या. नऊला घाबरायचं नसतं."

"मग कितीला घाबरायचं?"

"पाचला," दंतवैद्य म्हणाले, आणि पाच झाल्यावर त्यांनी आकड्यावर रुमाल टाकला.

तीन टक्क्यांवर ते पोचले. बहिणीला नुकतंच खोलीतून काढून ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आणलं होतं. मावशींना तिचा हात धरायला एक मिनिट मिळालं. त्यातलं अर्धं बहिणीने "इतका उशीर?" म्हणून भांडण्यात घालवलं, उरलेल्यात दोघी रडल्या. ऑपरेशन नीट झालं.

गाडीचं काय करायचं, म्हणून दंतवैद्यांनी इस्पितळाच्या रखवालदाराला चाचरत विचारलं. त्याने भिंतीवरचा चहाच्या यंत्राचा प्लग काढला आणि म्हणाला, "लावा की. त्यात काय!" एकूण चाळीस सेकंद. ना अर्ज, ना ठराव. (एवढं मोठं इस्पितळ इतक्या ढिसाळपणे चालतं, हे लिहिताना मन विषण्ण होतं.)

दुपारी परत निघताना मावशींनी आकडा पाहिला. मग इस्पितळाच्या इमारतीकडे पाहिलं. "म्हणजे आत ऑपरेशन चालू होतं आणि बाहेर गाडी वीज पीत होती?"

"हो."

"दिवे नाही गेले?"

"नाही, मावशी."

घरी येईपर्यंत त्या गप्प होत्या. दंतवैद्यांच्या मते याआधी असं कधी घडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक जाडजूड वायर बाहेर आली आणि थेट खिडकीखालच्या पार्किंग क्रमांक सातमध्ये उतरली. वायरमनने अर्थिंग तपासून ओव्हनचा पॉइंट पक्का करून दिला होता. तातडीची सभा भरली. अध्यक्षांनी टेपने मोजून दाखवलं की, वायर सामायिक हवेतून अडीच फूट जाते.

"मी खिडकीतून हात बाहेर काढला तर ठराव लागतो का?" मावशींनी विचारलं, मूळच्या आवाजात.

मी त्यांना त्यांच्याच गीझरच्या हरकतीची आठवण करून दिली.

"तेव्हा मला कुठे माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगायचं होतं!"

सांगणं चिटणीसाच्या कामात बसत नाही, लिहिणं बसतं. मी तसं लिहून घेतलं.

आज त्या खिडकीखाली चार गाड्यांचे वार ठरलेले आहेत. बुधवार अध्यक्षांचा. (माझी स्कूटर गुरुवारी.) मावशींच्या फ्रिजवर वेळापत्रक लावलंय आणि उशीर करणाऱ्याला साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशी समज मिळते. दंतवैद्य संध्याकाळी घरी असतात. त्यांच्या पत्नीची त्याबद्दलही आता तक्रार आहे. अधिकृतपणे मात्र क्रमांक सातमधली गाडी आमच्या इमारतीत अजून एकदाही चार्ज झालेली नाही. उपसमितीचं काम उत्तम चालू आहे.

हे वाचून आमच्या समितीला हसलेल्या वाचकांना एकच नम्र विनंती. आपल्या इमारतीच्या गेल्या सभेत कोणाचा अर्ज कशासाठी अडकला, ते आठवून पाहा. आठवत नसेल तर आपण गैरहजर होता. काळजी नसावी. गैरहजर सभासदांचं मत आम्ही चिटणीस मंडळी 'विरोधात' असंच धरतो, आणि आजवर एकानेही येऊन ते खोडलेलं नाही.