खडवलीचा उतार

नौपाड्यातली आमची गल्ली परातीसारखी सपाट. तरीही शेजारचे नाना मोटार उभी केली की हातब्रेक ओढत, गिअर टाकत, पुढची चाकं कडेला वळवत आणि वर चाकाला फुटक्या पाट्याचा तुकडा लावत. मग मोटारीला ढकलून बघत. "ब्रेक माणसाने केलाय, दगड देवाने," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अख्खा नौपाडा खाडीत वाहून गेला तरी नानांची मोटार जागची हलायची नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. नानाही हसायचे.

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, तरी मी म्हणायचो. पूर्वी एकदा कसाऱ्याच्या घाटात नाना नुसता ब्रेक ओढून पाणी आणायला उतरले आणि काकूंना घेऊन मोटार मागे घरंगळली. कठड्याला अडली म्हणून निभावलं. तेव्हापासून काकू मोटारीत बसल्या नव्हत्या. दर रविवारी नाना मोटार पुसून "येतेस का?" विचारत आणि काकू टांगा बोलावत.

एका रविवारी त्या हो म्हणाल्या. नानांनी इस्त्रीचा कोट चढवला, सोबतीला मला घेतलं आणि आम्ही खडवलीला नदीवर निघालो.

नदीकडच्या उतारावर नानांनी मोटार थांबवली. काकूंचं दार उघडायच्या घाईत ते गिअर टाकायचंच विसरले. ब्रेक ओढून उतरता उतरता मला म्हणाले, "दगड लाव." ऊन मी म्हणत होतं, दगड जड होता. मी आधीच उतरून सावलीत उभा होतो; जागचा न हलता "लावला" म्हणालो.

ब्रेक सुटला. काकूंना घेऊन मोटार दहा-बारा हात खाली गेली आणि करवंदीच्या जाळीत थांबली.

काकू उतरल्या. खरचटलंही नव्हतं. नानांनी मागच्या सीटखाली पाहिलं. दगड तिथेच होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दगड लावायला मीच विसरलो गं," ते काकूंना म्हणाले.

"तुम्ही विसरणारच," एवढंच बोलून काकू स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या. नाना त्यांच्या मागे. मी मोटारीपाशीच थांबलो.

महिन्याभरात नानांनी मोटार विकली. मला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट चहाला हाका मारत राहिले. तो चहा मी निर्लज्जासारखा पीत राहिलो.

काकू परवाच्या श्रावणात गेल्या. खरं सांगायला मध्ये आठ वर्षं होती, आणि त्यांचं दार माझ्या दारापासून चार पावलांवर होतं.