मेव्हण्यासाठी केलेला फोन

सरकारी यंत्रणेकडून काम कसं काढून घ्यायचं, हे आमच्या गल्लीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. मी स्वतः पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसतो! समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्या पोटातलं मला समजतं. "आमच्या एका ओळखीच्यानं चोरून नळ जोडलाय, त्याला काय होईल हो?" असं कुणी विचारलं, की मी चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "तो ओळखीचा म्हणजे तुम्हीच ना?" आजवर एकदाही चुकलेलो नाही.

त्यामुळे घरात मेव्हण्याचं प्रकरण उद्भवलं, तेव्हा मी बायकोला ऐटीत सांगितलं, "सोड माझ्यावर."

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. राहतो आमच्याकडेच आणि जिन्याखाली किल्ल्या बनवून देतो. हात असा, की कुलपानं त्याला नुसतं बघून सैल पडावं! पण वर्षभरापासून त्याला मोबाइलवर चक्र फिरवून पैसे लावायचा नाद लागला होता. सरकारनं त्या खेळावर बंदी घातली, तेव्हा आम्ही हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी तोच खेळ नवं नाव, नवा रंग लावून हजर! सरकारनं तोही बंद केला, तर तिसऱ्या नावानं आला. सरकार पुढचं दार लावायचं आणि हा मोरीच्या खिडकीतून आत यायचा. मेव्हण्याची मोटारसायकल गेली, घड्याळ गेलं, आणि आता त्यानं किल्ल्या कापायचं मशीनच विकायला काढलं होतं. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

"अहो, ते मशीन गेलं ना, की तो पुन्हा उभा राहायचा नाही," बायको म्हणाली.

त्याच आठवड्यात सरकारनं बंदीच्या जोडीला मदतीसाठी एक नंबर काढला. फोन केला की खेळणाऱ्याच्या मोबाइलवरून जाणारे पैसे बंद, वर समजवायला घरी माणूस येणार. मेव्हणा बाहेरच्या खोलीत होता, म्हणून मी न्हाणीघरात शिरलो, नळ सोडला (पाणीपुरवठ्याच्या माणसानं! पण वेळच तशी होती) आणि कुजबुजत बोलायला लागलो.

"मला माझ्या मेव्हण्याबद्दल बोलायचंय."

"बोला ना दादा, अगदी मोकळेपणानं बोला," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "पण हळू का बोलताय?"

"घरात कळायला नको."

"आणि तुम्ही स्वतः खेळता का?"

"मी? छे! आयुष्यात कधी नाही!"

बाईंनी मोठा उसासा टाकला. मग पैशांचे व्यवहार लगेच थांबवू का, असं विचारलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता थांबवा. दिवसभर घरी कोण असतं, असं विचारलं. मी म्हटलं, मेव्हणाच. त्याचा नंबर मागितला, तो दिला. बाहेर येऊन बायकोला म्हटलं, "झालं काम!"

दुसऱ्या दिवशी वाण्याकडे साबण घेतला, फोनवरून पैसे द्यायला गेलो, तर फोनच बोलला, "आपल्या भल्यासाठी हा व्यवहार थांबवण्यात आला आहे. जुगारापासून दूर राहा." चांगल्या खणखणीत आवाजात! मागे अख्खी रांग उभी. वाण्यानं साबण हळूच परत आत ओढला. संध्याकाळपर्यंत बातमी ऑफिसात पोचली. साहेबांनी मला बोलावून प्रेमानं सांगितलं, की शेजारी बिलाचे पैसे घ्यायच्या खिडकीवर मी अधूनमधून बसायचो, ते काही दिवस राहू दे.

आणि शनिवारी समुपदेशक बाई घरी आल्या. माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्या मेव्हण्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "यांची जबाबदारी आता तुमच्यावर."

मेव्हण्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले. "भावोजी, तुम्हीसुद्धा?"

"अहो बाई, मी नाही! मेव्हण्यासाठी फोन केला होता मी!"

"सगळे मेव्हण्यासाठीच करतात," बाई शांतपणे म्हणाल्या. अगदी माझ्याच खिडकीवरचा आवाज!

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात मेव्हणा बोलायला लागला. आजवर या विषयावर कुणी काही विचारलं, की तो उठून जायचा. त्या दिवशी मला वाचवायला म्हणून त्यानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा कसं जिंकायला होतं, मग कसं वाटतं की एकदाच, शेवटचं, आणि घड्याळ विकल्यावर ताईला तोंड कसं दाखवावं ते कळेना म्हणून तो दिवसभर कसा नुसता भटकला. "हे नाहीच म्हणतील, मॅडम. मीही नाहीच म्हणायचो," तो म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली बायको पुढे आली, ट्रे ठेवला आणि टाचेनं माझा पाय असा दाबला, की माझं निरपराधीपण तिथेच संपलं. "सुधारीन," मी म्हणालो.

रविवारी मशीन बघायला माणूस आला. मेव्हण्यानं त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. "मशीन लागणार आहे. भावोजींच्या फोनसाठी कुलपाची पेटी करायचीय." बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. या वेळचं रडणं वेगळं होतं. खरं सांगायचं तर मीही नळ सोडून थोडंसं रडून घेतलं.

पेटी झाली. मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून त्यानं स्वतःचा फोनही तिच्यात टाकला आणि किल्ली ताईकडे दिली. अधूनमधून खेळ नवं नाव घेऊन पेटीत थरथरतो. मग मेव्हणा रेडिओ मोठा करतो आणि किल्ल्या कापत बसतो. एखाद्या दिवशी त्याचा हात पेटीकडे जातो, नाही असं नाही. अशा वेळी तो माझ्याकडे बघून म्हणतो, "भावोजी, धीर धरा." मी धरतो. हल्ली वाण्याच्या बायकोनंही त्याच्याकडून एक पेटी करून नेली आहे. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

परवा माझ्या खिडकीशी एक गृहस्थ आले. इकडेतिकडे बघत कुजबुजले, "माझ्या साडूला जरा त्या चक्राचा नाद लागलाय. तुमच्याकडे पेटी मिळते म्हणे?"

मी सवयीनं चष्म्यावरून बघितलं. पण या वेळी म्हटलं, "साडूच असेल. माझाही मेव्हणाच होता."

त्यांनी खिडकीतून हात घालून माझा हात दाबला. "तुम्ही सोडून किती दिवस झाले?"

मी खरं काय ते सांगणारच होतो. पण पाय आपोआप ठणकायला लागला.

"होतील आता तीन महिने," मी म्हणालो.