भागीरथी अठ्ठ्याण्णव टक्के

हे कुणाला पटायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नवागामच्या या ओट्यावर बसून मी आजवर जे जे सांगितलं, त्यातलं काहीच कुणाला पटलेलं नाही. पण ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे ती पटायची आशा आणखीच कमी. समोरचा सुकदेव तर आत्ताच हसायला लागला.

तर मंडळी, माणूस एकटा आजारी पडत नाही. आजारपणाला दोघं लागतात: एक पडून राहायला आणि एक उभं राहायला. माझा गुडघा बदलला तेव्हा पडून राहण्याची जबाबदारी मी विनातक्रार स्वीकारली. उभं राहायला आमची भागीरथी होतीच. (या पदावर तिची नेमणूक लग्नातच झाली, मुलाखत घेतली नव्हती.)

दवाखाना पुढारलेला. घरी सोडताना त्यांनी भागीरथीच्या फोनमध्ये 'मायाळू' नावाचं ॲप घालून दिलं. रुग्णाची काळजी सगळेच घेतात, पण काळजी घेणाऱ्याची कोण घेणार, असा त्यामागचा उदात्त प्रश्न होता. उत्तर होतं, फोन. मायाळू घडीघडी विचारी, "आज आपण स्वतःसाठी काय केलंत?" मला संडासाला नेऊन, गोळ्या देऊन, भाकरी थापता थापता भागीरथी पिठाच्या बोटानं 'काहीच नाही' दाबी. मायाळूला फार वाईट वाटे. ते लगेच एक कमळ फुलवून म्हणे, "दीर्घ श्वास घ्या." श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंत भाकरी करपे. करपलेलं रुग्णाला वर्ज्य, म्हणून ती भाकरी भागीरथीच्या ताटात जाई. अशा रीतीनं तिच्या आहाराचाही प्रश्न सुटला.

वापीला असलेला आमचा मुलगा रोज सकाळी त्यात एक लाल हृदय पाठवी. 'कौटुंबिक आधार मिळाला,' अशी मायाळू नोंद करी. (हृदयाला यायला भाडं पडत नाही. मुलाला पडतं.)

पण खरी माया पुढेच होती. काळजी घेणाऱ्याचं स्वास्थ्य लाल रेषेखाली गेलं, की दवाखाना एक दिवस फुकट नर्स पाठवणार, असा नियम होता. आणि भागीरथीला नेमका एकच दिवस हवा होता. चलथाणला तिच्या बहिणीच्या लेकीचा, पूजाचा साखरपुडा. पूजा तिच्याच मांडीवर वाढलेली. मला एकटं टाकून जाणं तिला जमेना, न जाणं सोसेना. ती रोज सकाळी लाल रेषा किती जवळ आली ते बघे. देव बघावा तशी.

रेषा हाताशी आली, आणि घोटाळा केला तो मायेनंच. माझा पुतण्या लोटू उधन्याला कापडाच्या गिरणीत लूम चालवतो. 'आज आपण चालला नाहीत,' असं मायाळू काकूला टोचताना त्यानं ऐकलं. "काकू, टेन्शन नको घेऊ, मी आहे ना, हुं छुं ने!" म्हणून तो फोन घेऊन गेला आणि त्यानं तो अख्खी पाळी लूमच्या हलत्या दांड्याला चिंधीनं बांधून ठेवला. लूमचं काय, खटखट, खटखट. मायाळूच्या हिशेबानं दर खटक्याला एक पाऊल, म्हणजे भागीरथीनं चहाच्या सुट्टीपर्यंत चालत नंदुरबार मागे टाकलं आणि पाळी सुटली तेव्हा ती भुसावळला होती.

मायाळू हरखलं. फोनभर कमळं! 'अभिनंदन, आपलं स्वास्थ्य अठ्ठ्याण्णव टक्के.' उरलेले दोन टक्के कुठे राहिले, असं भागीरथीनं मला विचारलं. मी म्हटलं, आधी उशी नीट कर. दवाखान्याचा निरोप आला: एवढं चालणाऱ्या बाईंना नर्सची गरज नाही, उलट शेजारच्या दोन रुग्णांकडे त्या बघतील काय?

मंडळी, त्या क्षणी माझं काळीज हललं. साखरपुड्याच्या सकाळी मी स्वतः उठलो. वॉकर धरून चहा ठेवला. तिला बसवून तिच्या पायांना तेल लावलं. म्हटलं, "जा, बिनघोर जा." खिचडी मी केली, भांडी मी घासली. तिकडे पूजा मावशीच्या गळ्यात पडून रडली, आणि चलथाणचे पाहुणे म्हणाले, नवरा असावा तर असा! तुम्ही आत्ता डोलावताय ना, तशाच तिथेही माना...

"खोटं!"

दारात भागीरथी. ठेवणीतली साडी, हातात पिशवी.

"साखरपुडा आज दुपारी आहे. मी अजून इथंच उभी आहे, आणि सकाळपासून या ओट्यावर तीनदा चहा मीच दिलाय." तिनं वॉकर माझ्यापुढे आणून ठेवला. "खिचडी केली म्हणे! मग करा आता. डाळ-तांदूळ निवडून ठेवलेत. हा फोन पण ठेवा. आज स्वतःसाठी काय केलं म्हणून विचारील, तर सांगा, ती चलथाणला गेली."

सुकदेव मोठ्यानं हसला.

"हसता काय, भाऊजी? घरी जाऊन बघा. तुमच्या सगळ्यांच्या बायका चलथाणला यायला कधीच्या रिक्षात बसल्यात."