बिटाचं सूप आणि शेऱ्याचा रकाना

"मला गिळता येईल असा पदार्थ मी आठ दिवसांत शोधून काढतो, तुम्ही निश्चिंत राहा," असं मी आमच्या डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितलं. एकतीस वर्षं दर रविवारी वर्तमानपत्रात सदर लिहून मी महापौरापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या भानगडी शोधून काढल्या होत्या. एक बशीभर जेवण शोधायला काय लागतं!

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. केमोचे चार डोस झाले होते, दोन उरले होते. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, बावन्न किलो लिहिलं आणि पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पन्नासच्या खाली गेलात तर पाचवा डोस पुढे ढकलावा लागेल. आणि डोस पुढे गेला की आराम तुम्हाला मिळत नाही, आजाराला मिळतो."

बायकोने हे वाक्य तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. पाचवा डोस बारा दिवसांवर होता.

आता या प्रकाराची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. केमोनंतर तोंडाला चव नसते असं लोक म्हणतात. खोटं आहे. चव असते, आणि ती किल्ल्यांच्या जुडग्याची असते. टोस्ट खा, किल्ल्या. अंडं खा, किल्ल्या. साधं पाणी प्यायलो तरी कुणीतरी गंजलेल्या टाकीत कुलूप भिजत घातल्यासारखं लागायचं. बरं, वासाचं उलटं. जिभेने राजीनामा दिला आणि नाकाला बढती मिळाली. शेजारच्या घरात कुणी कांदा चिरायला घेतला की मी इकडे बेसिन गाठायचो.

आणि मला राग यायचा. सकाळी उठल्यापासून यायचा. आजारावर राग काढता येत नाही, त्याला तोंड नसतं. मग तो सल्ला देणाऱ्यांवर काढावा लागतो, आणि ते भरपूर होते. शेजारचे निवृत्त दंतवैद्य रोज येऊन विचारायचे, "आज काय गेलं पोटात?" जणू मी दानपेटी आहे. मेहुणी फोनवर म्हणायची, "मनाने घ्या हो भाऊजी, मनाने घेतलं की सगळं जातं." मी मनाने घ्यायचो आणि पोटाने परत करायचो.

बायकोने मात्र सल्ला दिला नाही. तिने तक्ता केला.

ती परीक्षा मंडळातून नियंत्रक म्हणून निवृत्त झाली आहे. लाखभर उत्तरपत्रिका तिच्या हाताखालून गेल्या, आणि तिचा एकच नियम होता: कागदावर जे लिहिलंय तेच तपासायचं, पोराच्या मनात काय होतं ते विचारायचं नाही. तिने दोनशे पानी वही आखली. तारीख, पदार्थ, गरम की गार, किती चमचे, आणि शेवटी रुंद रकाना: शेरा. वही दोरीने फ्रीजच्या दांड्याला बांधली. पेनसुद्धा बांधलं, परीक्षेत बांधतात तसं.

"तोंडाने काही सांगू नका," ती म्हणाली. "तोंडाने तुम्ही 'बघू', 'ठीक', 'हं' एवढंच बोलता. खाऊन झालं की लिहा. त्यावरून मी ठरवीन."

मला रकाना दिसला की राहवत नाही. आणि इथेच माझ्या धंद्याची खोड आडवी आली. मला सरळ रागावताच येत नाही. ज्याला झोडपायचं त्याची मी तोंड भरून स्तुती करतो, हीच माझी एकतीस वर्षांची रीत. एकदा एका मंत्र्याने बांधलेला पूल पहिल्याच वर्षी वाकला, तर मी 'नदीला नम्रपणे नमस्कार करणारा पूल' असा लेख लिहिला. मंत्र्याने तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. मी हा किस्सा पुढे वीस वर्षं हसून सांगत होतो.

तर तिसऱ्या दिवशी बिटाचं सूप आलं.

दंतवैद्यांनी सुचवलं होतं, रक्त वाढतं म्हणून. दाट, कोमट, जांभळट लाल. पहिला चमचा तोंडात गेला आणि मला वाटलं, पावसात भिजलेली बाग कुणी मुळासकट मिक्सरमध्ये घातली आहे. किल्ल्या होत्याच, आता त्यांना माती लागली. मी दोन चमचे घेतले, उरलेलं खिडकीतून कुंडीत ओतलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'अप्रतिम. इतकी वर्षं हे सूप माझ्यापासून का लपवून ठेवलं? आता मरेपर्यंत हेच.'

लिहून मला बरं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा चांगलं वाक्य झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिटाचं सूप. दुपारी बिटाचं सूप. संध्याकाळी फ्रीज उघडला तर सगळ्यात मोठं पातेलं, झाकणापर्यंत भरलेलं, आणि शेजारी आठ किलो बीट.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं, हे मला कळतं. पण बायको दारात उभी होती. तिच्या हातांची दहाही बोटं लाल झाली होती, आणि महिनाभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. ती मेहुणीला फोनवर सांगत होती, "अगं, सापडलं एकदाचं. स्वतःच्या हाताने लिहिलंय त्यांनी." फोन ठेवल्यावर तिने मला वही दाखवली. माझ्या शेऱ्याखाली तिने पट्टीने सरळ रेघ मारली होती.

माझ्यात धीर नव्हता. मी पुन्हा शेरा लिहिला, म्हटलं अजून जोरात उपहास केला तर कळेल. 'या सुपापुढे अमृत पाणचट वाटेल.' तिने मात्रा वाढवली. 'झोपेतही याचीच स्वप्नं पडतात.' तिने झोपायच्या आधीचा एक वाडगा सुरू केला. मेहुणीने आपल्या घरून डबाभर पाठवलं. दंतवैद्यांनी तर, 'मी म्हणालो नव्हतो का' असं ओरडत बिटाचं रोपच आणून दिलं.

मी कुंडीत ओतत राहिलो. कुंडीतलं झाड चौथ्या दिवशी मेलं. मग मी बेसिनमध्ये ओतायला लागलो. बायको पाहायची ते रिकामे वाडगे. काटा पाहत नव्हती, कारण काटा दवाखान्यात होता.

पाचव्या डोसच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी भरलेला वाडगा घेऊन बाथरूममध्ये गेलो. बोटांना मुंग्या येतात, हीही औषधाची देणगी. वाडगा निसटला. पांढऱ्या फरशीवर, पांढऱ्या टॉवेलवर, माझ्या पांढऱ्या बनियनवर, सगळीकडे लाल. मी गुडघ्यांवर बसून टॉवेलने पुसायला लागलो, तर ते आणखी पसरलं. तेवढ्यात दार उघडलं.

बायको किंचाळली नाही. फ्रीजवर दवाखान्याची सूचनापत्रिका चिकटवलेली आहे, तिच्यात 'रक्तस्राव झाल्यास ताबडतोब' असं ठळक छापलंय. तिने दहा सेकंदांत नंबर फिरवला, पत्ता सांगितला, माझं नाव, वय, कितवा डोस, सगळं क्रमाने. मग खाली बसून माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"अगं, हे सूप आहे," मी म्हणालो.

"अहो, आत्ता तरी विनोद नको."

"विनोद नाही. खरंच सूप आहे."

"बोलू नका. दम लागेल."

एकतीस वर्षांत मी इतकं सरळ, बिनउपमेचं वाक्य बोललो नव्हतो, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं! दंतवैद्य धावत आले. त्यांना सांगितलं, तर ते भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "मोठा माणूस. अशा वेळीही हसवतोय." अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला सांगितलं. जाडजूड, मिशीवाला गृहस्थ. त्याने मला स्ट्रेचरला पट्ट्याने बांधता बांधता मान डोलावली. "असं होतं, काका. मागच्या आठवड्यात एक जण टोमॅटोचा सॉस म्हणत होते." मी विचारलं, मग काय निघालं? तो म्हणाला, ते न विचारलेलं बरं.

वाटेत मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे लाल बोटांचे हात मांडीवर होते. मी पट्ट्यातून एक हात सोडवून तिच्या हातावर ठेवला. तिने तो परत पट्ट्याखाली घातला. सूचना पाळायच्या म्हणजे पाळायच्या.

तातडीच्या विभागात डॉक्टरीणबाई धावत खाली आल्या. पोट दाबलं, जीभ पाहिली, रक्तदाब घेतला. मग बनियन उचलून नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुपारी काय प्यायलात?"

"काही नाही."

"मग हे काय आहे?"

"जे प्यायलो नाही ते."

कुणाचं तरी मशीन टिकटिक करत होतं. मग मी सगळं सांगितलं. कुंडी, बेसिन, आठ दिवस. डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो आठशे ग्रॅम.

बायकोने पिशवीतून वही काढली. दोरी तुटलेल्या अवस्थेत, लोंबत्या पेनसकट ती घेऊन आली होती, पुरावा म्हणून, डॉक्टरांनी विचारलं तर! तिने पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे कुणाचं अक्षर?"

"माझं. पण तो उपहास होता गं."

"मला कसं कळणार?"

"अमृत पाणचट वाटेल असं कोणी खरं लिहितं का?"

"कित्येक दिवस काही खाल्लं नाहीत, काही बोलला नाहीत. मग अमृत लिहिलंत." तिचा आवाज चढला नाही, तो खाली गेला, ते जास्त वाईट. "मला बिटाचा वास सहन होत नाही. लग्नाआधीपासून. नाकाला रुमाल बांधून शिजवत होते. तुम्ही जगाला टोमणे मारले, मी टाळ्या वाजवल्या. मला एक ओळ सरळ लिहायची होतीत. एक. 'नको' दोन अक्षरी आहे."

मी वही घ्यायला हात पुढे केला.

"मला वाटलं रक्त आहे," ती म्हणाली, आणि वही मिटली.

तेव्हा माझ्या तोंडून जे आलं ते कुठल्याही रविवारी छापलं गेलं नसतं. मी म्हणालो, सगळ्याला किल्ल्यांची चव येते. मला राग येतो. तू हसलीस म्हणून सांगता आलं नाही. आणि उद्या डोस चुकेल याची मला भीती वाटते.

तिने ऐकलं. शेरा दिला नाही.

बाजूच्या बाकावर ड्रायव्हर सहीच्या कागदासाठी थांबला होता. वेळ जाईना म्हणून त्याने जेवणाचा डबा उघडला. मी सवयीने नाक दाबलं. आणि काही झालं नाही. वासच नव्हता. मी वाकून पाहिलं: सालासकट उकडलेले चार बटाटे, गार, आणि कागदाच्या पुडीत मीठ.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"बटाटे," तो म्हणाला. ठार सरळ माणूस.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, साल शाबूत आहे का, आणि डबा कधी भरलाय? तासाभरापूर्वी. मग हात धुवा, स्वतः सोला. मी सोलला, मीठ लावलं, प्लास्टिकच्या चमच्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि किल्ल्यांची वाट पाहत बसलो. आल्या नाहीत. बटाट्याला बटाट्याची चव होती. मी दोन खाल्ले. ड्रायव्हरने तिसरा माझ्याकडे सरकवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, पण उद्यापासून घरचेच, ताजे.

बायको वही उघडून त्याच्यासमोर उभी राहिली. "कृती सांगा."

"बाई, पाण्यात टाकायचे."

तिने लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि?"

"बाहेर काढायचे."

त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी मी बटाटे खाल्ले, गार आणि थोडे थोडे, दर दोन तासांनी. अकरा वाजता काट्यावर पाय ठेवला. बायकोने आधी माझे खिसे तपासले, परीक्षेच्या हॉलबाहेर तपासतात तसे, आणि घराची किल्ली काढून घेतली. किल्ल्यांनी मला शेवटपर्यंत सोडलं नाही.

पन्नास किलो शंभर ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मला पाहिलं, आणि नर्सला म्हणाल्या, "लावा."

सहावाही झाला. वहीला आता शेऱ्याचा रकाना नाही. तिथे दोन चौकोन आहेत, 'जातं' आणि 'जात नाही'. खूण करायची, सही करायची. बटाट्याचे सत्तावीस प्रकार त्यात नोंदलेत, त्यातले सव्वीस उकडलेलेच आहेत.

हा सगळा प्रकार मी लिहून काढला आणि काल बायकोला वाचायला दिला. म्हटलं, जे खरं नाही त्यावर खूण कर. तिने चष्मा लावून, लाल पेन घेऊन, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. खूण एकही केली नाही. फक्त खाली, पट्टीने रेघ मारून, लिहिलं:

'अप्रतिम. इतकी वर्षं हे माझ्यापासून का लपवून ठेवलं? आता मरेपर्यंत हेच.'

मी कालपासून तिच्या चेहऱ्याकडे पाहतोय. काही कळत नाही.