साडूंच्या शेवंतीचे शेंडे

बागकामात आपल्याला कोणी काही शिकवायचं नाही! नर्सरीवाल्यालाही मी हेच ऐकवलं. शेवंतीची सहा रोपं हातात देत तो म्हणाला, "एकदा लावलीत की वर्षानुवर्षं फुलतील. फक्त एक लक्षात ठेवा..." पण मी थांबतोय कशाला! बाजूला आमचे साडूही सहाच रोपं घेत होते आणि मला त्यांच्याआधी घर गाठून खड्डे खणायचे होते.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. राहतात आमच्या भिंतीपलीकडे. दातांचे डॉक्टर, म्हणून सदा दात दाखवत हसतात. सासूबाई आल्या की कौतुक त्यांचंच! थोरल्या जावयांचे पडदे किती छान, थोरल्या जावयांचा नळ कसा गळत नाही! बारा वर्षांत मला त्यांनी एकच विचारलं असेल, "जेवलात का?" यंदा त्या फुलांच्या मोसमात येणार होत्या. मनाशी ठरवलं, या खेपेला कौतुक माझं!

पण महिनाभरात साडूंची रोपं माझ्या रोपांपेक्षा वीतभर उंच झाली. मी खत घातलं, तर त्यांची आणखी वाढली! माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात साडू आठ दिवस परगावी निघाले आणि फाटकाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाणी तेवढं घाला हं. तुमच्यावर सोपवलं की मी निश्चिंत!"

मी पाणी घातलं. मग कात्री घेतली आणि सहाही रोपांचे शेंडे कचाकच छाटून टाकले!

साडूंनी परत आल्यावर कपाळाला हात लावला. "हे कोणी केलं हो?"

"शेळी!" माझ्या तोंडून निघून गेलं. "त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची! भिंतीवरून उडी मारून आली!"

झालं! साडू इस्त्रीवाल्याशी कडाकडा भांडले. त्यानं रागानं आमचेही कपडे घेणं बंद केलं. तीन महिने मी चुरगळलेल्या शर्टानं ऑफिसला गेलो, पण आनंदात.

सासूबाई आल्या. माझी शेवंती कमरेपर्यंत वाढली होती. एकेका काठीवर एकेक फूल, तेही मान टाकलेलं. आणि साडूंकडे? छाटलेल्या प्रत्येक शेंड्याखालून फांद्याच फांद्या फुटून गच्च झुडपं झालेली. फुलांमुळे पान दिसेना!

"अगंबाई! शेंडे अगदी वेळेवर खुडलेत!" सासूबाई म्हणाल्या.

"मी कुठला खुडतोय? इस्त्रीवाल्याच्या शेळीची कृपा!" साडू हसले.

"गुणाची हो शेळी! माणसाला सुचत नाही ते तिला सुचलं."

साडूंचं कौतुक मी बारा वर्षं गिळलं होतं. पण शेळीचं? माझ्या आधी शेळीचा नंबर?

"शेळी कसली! मी खुडले ते शेंडे! मी, स्वतः, या हातांनी!"

सासूबाईंनी वळून माझ्याकडे डोळे भरून पाहिलं. "तुम्ही? केवढी जाण हो तुम्हाला! आणि इतके दिवस बोलला नाहीत!"

बारा वर्षांची तपश्चर्या फळाला आली! मी विनयानं मान खाली घातली. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीपलीकडे आमच्या काठ्यांकडे गेली.

"पण जावईबापू, मग स्वतःच्या झाडांचे का नाही खुडलेत?"

साडू माझ्याकडे बघायला लागले. बायकोला मात्र सगळं लख्ख कळलं होतं.

"आई, तू आत चल," ती म्हणाली. "ह्यांना इस्त्रीवाल्याची माफी मागायला जायचंय. शेळीचीसुद्धा!"