दोनशे भुंगेरे आणि सासूबाईंची कुंडी

फ्रिजमध्ये ठेवलेला डबा सकाळी कुरण अधिकाऱ्याला खिडकीत सापडला, उघडा आणि रिकामा. त्यात दोनशे भुंगेरे होते. सरकारी कुरण गिळून बसलेल्या जांभळ्या फुलांच्या काटेरी तणाखेरीज ते कशालाही तोंड लावत नाहीत, उपाशी मरतील. तीन वर्षं कागद रंगवल्यावर मिळालेले हे किडे आज दहा वाजता संचालकांसमोर कुरणात सोडायचे होते. नाहीतर योजनाच गुंडाळणार होते.

"काल संध्याकाळी लोणी समजून उघडला," सासूबाई म्हणाल्या. "आत किडे. दिला ठेवून खिडकीत."

"आई, ते सरकारी होते हो."

"मग गेले असतील सरकारकडे."

पडदे झटकले, चपला उलट्या केल्या, साखरेचा डबासुद्धा चाळून झाला. पण शहरात ते तण औषधालाही नाही, मग हे गेले कुठे? शोधता शोधता त्याला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटू लागलं.

"अहो, बाल्कनीत या जरा," बायकोने हाक मारली.

सासूबाईंच्या लाडक्या कुंडीत दोनशेच्या दोनशे जण पानांवर ताव मारत होते. खतपाण्याने गुबगुबीत झालेलं ते झाड कुरण अधिकारी वर्षभर रोज बघत होता. ओळखलं ते भुंगेऱ्यांनी.

"आई, हे कुठून आणलंत?"

"तुमच्याच बुटाला चिकटून आलं होतं. जीव लावला, वाढलं."

किडे झाड सोडायला तयार नव्हते आणि सासूबाई कुंडी. शेवटी सगळी वरात जीपमधून कुरणाच्या फाटकाशी पोचली. पहारेकऱ्याने कुंडी पाहिली आणि पाटीकडे बोट दाखवलं. हे तण आत नेण्यास सक्त मनाई.

"अरे, आत तेच माजलंय ना सगळीकडे."

"ते आतलं आहे साहेब. हे बाहेरचं. आणि पाटीवर सही तुमचीच आहे."

तेवढ्यात संचालकांची गाडी आली. आता संपलं सगळं, असं कुरण अधिकाऱ्याला वाटलं. संचालक मात्र चष्मा सावरून कुंडीशी उकिडवे बसले.

"एका रात्रीत एवढं खाल्लं?"

"अर्धं झाड गेलं माझं," सासूबाई म्हणाल्या.

"मग योजना मंजूर. पण हजारो भुंगेरे पोसायचे तर आधी शेकडो कुंड्यांत हेच तण वाढवावं लागेल. याच्या तब्येतीला कोण जपतं?"

"मी."

"मग तुम्हीच प्रमुख. मदतीला माणूस देतो."

सासूबाईंनी जावयाला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे चालतील," त्या म्हणाल्या. "फक्त पाणी बेताने घालायला शिकवावं लागेल."